संगणक-जाळ्यांची आभासी प्रयोगशाळा : अल्प साधनांतून प्रात्यक्षिक शिक्षण

ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून जन्म-मृत्यूच्या नोंदीचे दाखले, नमुना आठचा उतारा आणि शासकीय सेवांशी संबंधित इतर अनेक कागद आज संगणकाद्वारे दिले जातात. शाळांची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि शिष्यवृत्तीचे अर्जही याच मार्गाने वर जातात. ही सर्व कामे संगणकावर अवलंबून असली, तरी एकटा संगणक ती करू शकत नाही. तो इतर संगणकांशी जोडलेला असावा लागतो. ही जोडणी तुटली की गावकऱ्याला हेलपाटा पडतो आणि कार्यालयात एकच उत्तर मिळते, ‘लाइन बंद आहे.’ लाइन खरोखरच बंद आहे, की यंत्राला दिलेला पत्ता चुकला आहे, की मधल्या एखाद्या ठिकाणी वाट अडली आहे, हे सांगू शकणारा माणूस जवळपास असेल तर काम तासाभरात सुरू होते. नसेल तर दिवस जातात.

असा माणूस तयार करणे हे शिक्षणाचे काम आहे, आणि नेमके तेथेच अनेक वर्षे एक अडचण उभी होती. संगणक-जाळ्याचे ज्ञान पुस्तकावरून येत नाही, त्यासाठी हात चालवावा लागतो. परंतु हात चालविण्यासाठी लागणारी साधनसामग्री महाग असल्याने तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना ती पुरेशा प्रमाणात घेणे कठीण जाते. या अडचणीवर निघालेला उपाय म्हणजे आभासी प्रयोगशाळा होय. तिचे स्वरूप, उपयोग आणि मर्यादा यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

जाळे म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना जाळ्याची कल्पना समजावून देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने वसविलेल्या या शहराला ‘नहर-ए-अंबरी’ या भूमिगत जलवाहिनीने पाणी पुरविले जात असे. उंचावरून येणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने शहरात आणून जागोजागी विभागले जाई. एके ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणी न्यावयाचे तर वाट हवी, वाटा फुटतात तेथे विभागणीची सोय हवी आणि बिघाड शोधण्यासाठी मधूनमधून आत डोकावता यावे, ही तीन तत्त्वे त्या रचनेत होती.

संगणकांच्या जाळ्यातही हीच तत्त्वे दिसतात. फरक इतकाच की पाण्याला पत्ता नसतो, माहितीला असतो. संदेश पाठविताना त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटा फुटतात तेथे राउटर नावाचे यंत्र बसविलेले असते. ते आपल्याजवळचा मार्गांचा तक्ता पाहून पॅकेट कोणत्या दिशेने पुढे पाठवावयाचे हे ठरविते. टपाल खात्यातील वर्गीकरणाच्या टेबलाप्रमाणेच हे काम चालते. या रीतीने चालणाऱ्या अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. पहिली दोन अक्षरे पोहोचताच यंत्रणा बंद पडली. जाळ्याच्या इतिहासाचा आरंभच बिघाडाने झाला, आणि म्हणूनच बिघाड शोधण्याची विद्या हे या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग होय.

प्रात्यक्षिकाची अडचण

रसायनशास्त्राच्या प्रयोगात विद्यार्थ्याने चूक केली तर एक परीक्षानळी वाया जाते. जाळ्याच्या बाबतीत तसे नाही. चालू जाळ्यावर केलेली लहानशी चूक दूरवर पसरते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने यूट्यूब हे संकेतस्थळ आपल्या देशापुरते बंद करण्यासाठी मार्गाची एक नोंद केली. ती नोंद चुकून देशाबाहेर गेली, आणि सुमारे दोन तास जगातील अनेक भागांतील लोकांची त्या स्थळाकडे जाणारी पॅकेटे भलत्याच दिशेने वळली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीच्या जाळ्यात देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या सर्व सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. ही दोन्ही कामे तज्ज्ञांच्या हाताखालची होती. मग शिकाऊ विद्यार्थ्याला कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या चालू जाळ्यावर प्रयोग करू देण्यास कोणीही प्रमुख धजत नाही, यात नवल नाही.

शिवाय खऱ्या यंत्रांची संख्या मर्यादित असते. प्रयोगशाळेत दोन-तीन राउटर असले तर वीस विद्यार्थ्यांपैकी दोघांचे हात चालतात आणि उरलेले पाहत राहतात. दोन-तीन राउटरांवर एका जिल्ह्याचे जाळे उभे करून पाहता येत नाही. तास संपला की जोडण्या काढाव्या लागतात, आणि पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आभासी प्रयोगशाळेचे तीन प्रकार

आभासी प्रयोगशाळा म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात उभे केलेले अनेक यंत्रांचे जाळे. तिचे तीन प्रकार व्यवहारात आढळतात.

पहिला प्रकार नकलेचा. यात खरा राउटर चालत नसतो. राउटर कसा वागेल याचे गणित संगणक करतो आणि परिणाम पडद्यावर दाखवितो. सिस्को कंपनीचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा कार्यक्रम या प्रकारचा असून नावनोंदणी करून तो विनामूल्य मिळतो. त्यात पॅकेट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सरकताना प्रत्यक्ष दिसते, त्यामुळे प्रथमच शिकणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. संशोधनासाठी वापरला जाणारा ‘एनएस-३’ हाही याच वर्गातला, मात्र तो वापरण्यास प्रोग्रॅमिंगचे ज्ञान लागते.

दुसऱ्या प्रकारात राउटरमध्ये चालणारी प्रणालीच संगणकाच्या आत चालविली जाते. एका मोठ्या वाड्यात भिंती घालून अनेक बिऱ्हाडे करावीत आणि प्रत्येकाला आपले घर स्वतंत्र वाटावे, त्याप्रमाणे एका संगणकाची स्मृती व प्रक्रियाशक्ती विभागून अनेक यंत्रे निर्माण करता येतात. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता, स्वतःचा मार्गांचा तक्ता आणि स्वतःची दारे असतात. त्यांना जोडणारी तारही आभासी असते. ‘जीएनएस-३’, स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले ‘मिनिनेट’ आणि रोम येथील विद्यापीठात विकसित झालेले ‘कथारा’ ही या प्रकारची साधने खुल्या परवान्याची आहेत. येथे विद्यार्थी ज्या आज्ञा देतो त्या पुढे नोकरीतही जवळजवळ तशाच्या तशा उपयोगी पडतात.

तिसरा प्रकार दूरस्थ प्रयोगशाळेचा. यंत्रे खरी असतात, पण ती दुसऱ्या संस्थेत ठेवलेली असतात. विद्यार्थी आपल्या गावाहून ठरलेल्या वेळी ती चालवितो. यासाठी चांगली इंटरनेट जोडणी लागते. म्हणून ग्रामीण भागात पहिले दोन प्रकार अधिक उपयुक्त ठरतात, कारण एकदा कार्यक्रम संगणकावर भरला की बहुतेक प्रयोग इंटरनेटवाचून करता येतात.

औरंगपुरा ते सोयगाव : एक नमुना प्रयोग

या प्रयोगशाळेत नेमके काय शिकता येते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हे जाळे अभ्यासासाठी कल्पिलेले असून प्रत्यक्षातील जोडण्यांशी त्याचा संबंध नाही, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

औरंगपुरा म्हणजे ज्या भागाशी जिल्हा परिषदेचे नाव अनेक वर्षे जोडलेले आहे, आणि श्री सरस्वती भुवन शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांमुळे जेथे विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असते तो शहराचा मध्यवर्ती भाग. तेथे मुख्य राउटर आहे असे मानावे. छत्रपती संभाजीनगर तालुका याच केंद्रात धरला, तर जिल्ह्यातील उरलेली आठ तालुक्यांची ठिकाणे जोडावयाची राहतात. विद्यार्थी पडद्यावर नऊ राउटर मांडतो आणि त्यांना रस्त्यांच्या क्रमाने जोडतो. औरंगपुऱ्याहून फुलंब्री, तेथून सिल्लोड, तेथून सोयगाव. दुसऱ्या बाजूस औरंगपुऱ्याहून खुलताबाद, तेथून कन्नड. तिसरीकडे गंगापूर, तेथून वैजापूर. आणि चौथीकडे पैठण. अशा एकूण आठ जोडण्या होतात.

आता सोयगावच्या यंत्रावरून औरंगपुऱ्याला ‘पिंग’ ही आज्ञा द्यावयाची. ‘तू आहेस का?’ असे विचारणारे लहानसे पॅकेट जाते आणि ‘आहे’ असे उत्तर येते. हे चालू असतानाच फुलंब्री आणि सिल्लोड यांमधली तार तोडावयाची. आभासी जाळ्यात त्यासाठी एक कळ दाबणे पुरते. तत्क्षणी उत्तरे थांबतात. तुटली एकच तार, पण सिल्लोड आणि सोयगाव असे दोन तालुके जगापासून अलग पडतात. साखळीसारख्या रचनेचा हा दोष विद्यार्थ्याला व्याख्यानाने कळला असता त्याहून अधिक या एका कृतीने कळतो.

पुढची पायरी दोष दूर करण्याची. सिल्लोड आणि कन्नड यांमध्ये नववी जोडणी दिली की औरंगपुरा, फुलंब्री, सिल्लोड, कन्नड, खुलताबाद आणि पुन्हा औरंगपुरा असे वर्तुळ पूर्ण होते. आता तीच तार पुन्हा तोडली, तर उत्तरे काही काळ थांबून पुन्हा सुरू होतात. ‘ट्रेसराउट’ ही आज्ञा दिल्यास पॅकेटने कोणती ठिकाणे ओलांडली ते दिसते. पूर्वी औरंगपुरा ते सोयगाव तीन जोडण्यांचे अंतर होते. आता खुलताबाद, कन्नड व सिल्लोडवरून चार जोडण्यांचा वळसा पडतो. वाट लांबली, पण गाव तुटले नाही.

मधला ‘काही काळ’ किती, हाही अभ्यासाचा विषय होतो. राउटरांनी एकमेकांना मार्गांची वार्ता कशी द्यावी याचे नियम ठरलेले आहेत. ‘रिप’ या जुन्या पद्धतीत प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता शेजाऱ्यांना कळवितो, आणि सामान्यतः १८० सेकंद वार्ता आली नाही तर तो मार्ग बाद धरतो. शिवाय पंधरा टप्प्यांपलीकडचे ठिकाण या पद्धतीला अगम्य वाटते. ‘ओएसपीएफ’ या पद्धतीत प्रत्येक राउटरजवळ संपूर्ण क्षेत्राचा नकाशा असतो. तो सामान्यतः दर १० सेकंदांनी शेजाऱ्याची विचारपूस करतो, आणि ४० सेकंद उत्तर आले नाही तर त्याला अनुपस्थित समजून नवा मार्ग काढतो. दोन्ही पद्धती त्याच नऊ राउटरांवर लावून घड्याळ हातात घेऊन वेळ मोजता येते.

हा प्रयोग केवळ वर्गापुरता नाही. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडणाऱ्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. तीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता मिळाली, तेव्हा ग्रामपंचायतींची जोडणी सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार रचनेने करण्याचे ठरविण्यात आले. सिल्लोड-कन्नड जोडणी देऊन विद्यार्थी जो धडा शिकतो, तोच धडा देशाच्या पातळीवर स्वीकारला गेला आहे. गावात येणाऱ्या या यंत्रणेची देखभाल करणारे हात त्या तत्त्वाशी परिचित असावेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

पत्ता चुकला तर?

दुसरा प्रयोग पत्त्यांचा. समजा, आपल्याजवळ १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते आहेत आणि आठ तालुक्यांना ते वाटावयाचे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ३२ पत्ते येतात. त्यांपैकी पहिला त्या विभागाचे नाव म्हणून आणि शेवटचा सर्वांना उद्देशून संदेश पाठविण्यासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्यक्ष वापरास ३० उरतात. फुलंब्रीला ० ते ३१ आणि सिल्लोडला ३२ ते ६३ असे पट्टे दिले, असे धरू.

आता शिक्षकाने सिल्लोडच्या एका संगणकाला मुद्दाम ४० ऐवजी ३० हा अंक द्यावा. तार शाबूत आहे, दिवे लुकलुकत आहेत, संगणक उत्तम आहे. तरीही त्याचा कोणाशीच संपर्क होत नाही. कारण तो स्वतःला फुलंब्रीच्या पट्ट्यातला समजतो. शेजारच्या टेबलावरचे यंत्र त्याला परक्या विभागातले वाटते, आणि बाहेर जाण्याचे दारही त्याला आपल्या विभागात सापडत नाही. अनुभव नसलेला माणूस अशा वेळी तार बदलतो, संगणक बदलतो आणि शेवटी लाइन बंद असल्याची तक्रार नोंदवितो. ज्याने आभासी प्रयोगशाळेत हा दोष एकदा शोधला आहे, तो प्रथम पत्ता वाचतो. शासनाचा पैसा आणि नागरिकाचा वेळ वाचविणारे कौशल्य ते हेच.

देशातील व राज्यातील कार्य

केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानांतर्गत ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा प्रकल्प हाती घेतला आहे. दिल्ली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या समन्वयाने बारा संस्था त्यात सहभागी झाल्या. त्यांत महाराष्ट्रातील मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा समावेश आहे. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विविध शाखांतील शंभराहून अधिक प्रयोगशाळा आणि सुमारे सातशे प्रयोग या प्रकल्पात उपलब्ध झाले. खरगपूरच्या संस्थेने प्रगत जाळे-तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा तयार केली असून स्थानिक जाळ्याची उभारणी आणि जाळ्याच्या कार्यक्षमतेचे मोजमाप यांसारखे प्रयोग तीत करता येतात. महाविद्यालयांना या प्रकल्पाचे केंद्र म्हणून सहभागी होण्याची सोयही आहे.

भाषेच्या दृष्टीने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. लिनक्ससारख्या खुल्या प्रणालीचे पाठ त्यात मराठीतूनही ऐकता येतात, आणि जाळ्याच्या अनेक आभासी साधनांचा पाया लिनक्सच आहे. छत्रपती संभाजीनगरात १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे आणि इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्रही आहे. मार्गदर्शन करू शकतील अशा संस्था शहरात आहेत; त्यांचा लाभ कन्नड-वैजापूरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याची आवश्यकता आहे.

मर्यादा

आभासी प्रयोगशाळेने सर्व प्रश्न सुटतात असे मानणे चुकीचे ठरेल. तारेच्या टोकाला आठ रंगीत धागे योग्य क्रमाने बसवून जोडणी घट्ट करण्याचे काम पडद्यावर शिकता येत नाही. प्रकाशतंतू जोडण्याची कला, उंदराने कुरतडलेली तार ओळखण्याची नजर, पावसाळ्यातील विजेचा तडाखा आणि भारनियमनात बॅटरीची काळजी या गोष्टींना प्रत्यक्ष कामच हवे. म्हणून एक स्विच, काही मीटर तार, तारा जोडण्याचे हत्यार व तपासणीचे छोटे यंत्र इतकी सामग्री प्रत्येक प्रयोगशाळेत असलीच पाहिजे. ही सामग्री फार खर्चाची नाही. महाग राउटरांची उणीव मात्र आभासी साधने भरून काढू शकतात.

दुसरी मर्यादा नकलेची आहे. पहिल्या प्रकारच्या साधनांत खऱ्या यंत्राच्या सर्व आज्ञा चालत नाहीत. तिसरी गोष्ट परवान्याची. काही कंपन्यांच्या राउटरची प्रणाली स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते, आणि ती कोठून तरी मिळवून संगणकावर भरणे शासकीय वा अनुदानित संस्थेला शोभणारे नाही. त्याऐवजी ‘एफआरआर’सारखी खुल्या परवान्याची राउटर-प्रणाली वापरावी. चौथा धोका शैक्षणिक आहे. एका विद्यार्थ्याने केलेला प्रयोग क्षणात दुसऱ्याच्या यंत्रावर उतरविता येतो, आणि वही पूर्ण होते पण विद्या येत नाही.

संस्थांनी काय करावे?

प्रथम, संस्थेत असलेल्या संगणकांची पाहणी करावी. पॅकेट ट्रेसरसारख्या साधनास चार गिगाबाइट स्मृतीचा सामान्य संगणकही बहुधा पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या साधनांसाठी अधिक स्मृती असलेली काही यंत्रे निवडावीत. लागणारे कार्यक्रम एकाच यंत्रावर उतरवून घेऊन त्यांच्या प्रती इतर यंत्रांवर कराव्यात, म्हणजे मंद इंटरनेटवर भार पडणार नाही.

दुसरे, प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे पत्ते आणि वेगळा लपविलेला दोष द्यावा. नक्कल करण्याचा मार्ग त्यामुळे आपोआप बंद होतो. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘जाळे उभे करा’ याबरोबरच ‘बिघडलेले जाळे दुरुस्त करा’ हा प्रश्नही असावा, आणि दोष कसा शोधला हे विद्यार्थ्याने तोंडी सांगावे.

तिसरे, प्रयोगाच्या सूचना मराठीत लिहाव्यात. राउटर, स्विच, पिंग हे शब्द तसेच ठेवावेत, पण काय करावयाचे आणि का करावयाचे हे विद्यार्थ्याच्या भाषेत असावे. शिक्षकांनी तयार केलेली अशी प्रयोगपत्रके एका महाविद्यालयाने दुसऱ्यास दिली तर थोड्या श्रमात मोठे काम होईल.

चौथे, सुटीच्या काळात तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या संगणकचालकांना आणि इच्छुक शिक्षकांना या प्रयोगशाळेत बोलवावे. पंचायत समितीने पुढाकार घेतल्यास हे सहज शक्य आहे. तार, पत्ता, बाहेर जाण्याचे दार आणि दूरचे ठिकाण या चार गोष्टी क्रमाने तपासण्याची सवय लागली, तरी अनेक तक्रारी गावातच मिटतील आणि उरलेल्या तक्रारी नेमक्या शब्दांत वर कळविता येतील.

तंत्रज्ञान गावात पोहोचविण्यासाठी शासन तारा टाकते आणि यंत्रे बसविते. ती यंत्रे समजून घेणारी माणसे गावाजवळच तयार झाली, तरच त्या गुंतवणुकीचे चीज होते. यासाठी लागणारी प्रयोगशाळा आता मोठ्या शहरांची किंवा संपन्न संस्थांची मक्तेदारी राहिलेली नाही. अनेक महाविद्यालयांत आज असलेल्या संगणकांतच ती उभी राहू शकते. सोयगावच्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयात बसून औरंगपुऱ्यापर्यंतचे जाळे विणावे, तोडावे आणि पुन्हा सांधावे, इतके साधन आपल्या हाती आले आहे. त्याचा उपयोग करून घेणे हे शिक्षक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी या तिघांच्या एकत्रित प्रयत्नांवर अवलंबून आहे.